मदत हवी आहे: 'रन' हा शब्द पोराला कसा शिकवू?

नमस्कार मंडळी, मी यावलकडचा, इंग्रजी आपलं कामापुरतं. पोरगा सातवीत आहे, काल रात्री भरीत अन् कळण्याची भाकरी खाता खाता विचारतो, पप्पा रन म्हणजे पळणं ना, मग नोज इज रनिंग म्हणजे नाक पळतं का? हसू आलं पण उत्तर काही देता येईना. मग दोघं वही घेऊन बसलो तर शॉप रन करणं म्हणजे चालवणं, रन आऊट ऑफ डिझेल म्हणजे संपणं, क्रिकेटमधला रनआऊट अजून वेगळा, आणि निवडणुकीत तर अमेरिकेत उमेदवार रन करतो पण इंग्लंडात आपल्यासारखा उभा राहतो, स्टँड! ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी म्हणे क्रियापद म्हणून याचे ६४५ अर्थ मोजलेत, १९८९च्या आवृत्तीत 'सेट' पुढे होता, ४३० वर. बायको म्हणे आपलं 'लागणे' काय कमी आहे, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, बस पण लागते. बरोबरे तिचं, पण ते आपल्याला कोणी शिकवलं नाही ना. तर कोणी इंग्रजीचे सर-मॅडम असतील तर सांगा, एकच मूळ अर्थ धरून बाकीचे जोडता येतात का, की आऊट, ओव्हर, इनटू सगळं वेगवेगळं पाठच करायला लावू? शनिवारी टेस्ट आहे त्याची.