खिशात घातलं नाही म्हणून गुन्हा नाही?
युव्हेंटस या इटलीतल्या फुटबॉल क्लबचे माजी अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्ली यांनी हिशेबात जे केलं ते क्लबसाठी, खिशात काही घातलं नाही, मग गुन्हा कसला, असं काही जण म्हणतात. नाही पटत. युव्हेंटस २००१ पासून शेअर बाजारात आहे. मार्च २०२० मध्ये खेळाडूंनी चार महिन्यांचा पगार सोडल्याचं जाहीर झालं; त्यातला बराचसा नंतर द्यायचं आतून ठरलं होतं, असा सरकारी वकिलांचा आरोप होता. म्हणजे देणं होतं, पण ताळेबंदात नव्हतं. शेअर घेणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनीही बुडीत कर्जं वसूल झाली म्हणून दाखवली होती. बाबांचा कापसाचा अख्खा चुकारा तिथं होता. पासबुकातला निळ्या शाईतला आकडा अजून स्पष्ट दिसतो. त्या वर्षी पेरणीचं बियाणं आम्ही उधारीवर आणलं.