मदत हवी आहे: नववीच्या मुलांना एआयमधलं 'वेट' (म्हणजे ज्या आकड्यांनी गुणून एआय उत्तर काढतं ते) फळ्यावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवते. नववीला एआयची ओळख करून देतेय. सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर) यांतला फरक भातलावणीवरून सांगितला: कसलेला गडी कुठलंही काम करतो, पण चिखलात वीस बायका ओळीने वाकल्या की वाफा बघता बघता हिरवा होतो. जीपीयूतही हजारो छोटे कोअर (गणित करणारे भाग) एकाच वेळी साधे गुणाकार-बेरजा करतात. २०१२ साली चित्रं ओळखणारं ॲलेक्सनेट हे एआय गेमिंगच्या दोनच जीपीयू कार्डांवर तयार झालं, हे ऐकून पोरं थक्क झाली.

मग एकीने विचारलं, "बाई, पण गुणाकारातून मांजर कसं ओळखतं?" तिथे मी अडले. खडूने दाखवता येईल असं छोटं उदाहरण कुणी सांगेल का? शनिवारी तास आहे. कन्नडमधलं असलं तरी चालेल, मराठीत मी करून घेईन.