मदत हवी आहे: जुन्या अँप्लिफायरचे ट्रान्झिस्टर मिळेनात

नमस्कार मंडळी, मी इंदूरहून. बाबांचा जुना जपानी स्टीरिओ अँप्लिफायर दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काढला. याच्यावरच आमच्याकडे कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) एलपी वाजायच्या, त्यामुळे भंगारात द्यायला जीव होत नाही.

स्पीकर न जोडता ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला. बल्ब भगभगून पेटतो, मंद होतच नाही, म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे. उजव्या चॅनलचा २एससी१११६ हा आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला पॉवर देणारा) काढून मीटर लावला तर कलेक्टर-एमिटर शॉर्ट! त्याचा जोडीदार २एसए७४७ ठीक वाटतोय. दोन्हींचं उत्पादन केव्हाच बंद झालंय. इथे जेल रोडवर एका दुकानदाराने 'ओरिजिनल' म्हणून दिलेला नग मी घरी कापून पाहिला, आत चिप जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. शंभर वॅटचा म्हणे! नकलीच असणार.

एमजे१५००३ आणि एमजे१५००४ ही जोडी त्याच टीओ-३ आकारात (धातूच्या टोपीसारखं कवच) येते, व्होल्टेजही पुरतं. कुणी बसवली आहे का? डावा चॅनल चांगला असूनही बदलावा लागेल? बायसचा प्रीसेट (आउटपुट ट्रान्झिस्टरमधला स्थिर प्रवाह ठरवणारा छोटा स्क्रू) आधी किमानवर आणायचा एवढं ठाऊक आहे. पण ऑसिलेशन (सर्किट आपोआप कंपनं करू लागणं) सुरू झालं तर कसं ओळखू? माझ्याकडे ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नाही. आणि हो, खात्रीचा माल कुठून मागवता तेही सांगा.