मदत हवी आहे: एक्सेलमध्ये उणे रकमांना लाख-कोटींचे स्वल्पविराम

नमस्कार मंडळी. ताळेबंदाच्या फाइलमध्ये हा कस्टम फॉरमॅट दिलाय:

[>=10000000]₹##\,##\,##\,##0.00;[>=100000]₹##\,##\,##0.00;₹##,##0.00

₹१२,३४,५६७ बरोबर दिसतात. तीच रक्कम उणे असली की -₹१,२३४,५६७ होते, कारण अटी दोनच बसतात आणि उणे रकमा सगळ्या तिसऱ्या भागात जाऊन पडतात.

विंडोजचं रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ केलं की साधा फॉरमॅटही नीट दिसतो, पण फक्त त्याच मशीनवर. सीएच्या मशीनवर रीजन अमेरिकेचं असेल तर पुन्हा हजारांचे गट. टेक्स्ट फंक्शन नकोच, आकड्याचा मजकूर होतो आणि खालची बेरीज ती रक्कम सोडून देते.

उणे रकमांसाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमधून वेगळा नंबर फॉरमॅट लावता येतो, पण कॉपी-पेस्ट करत गेलं की त्या नियमांचे तुकडे पडतात. मॅक्रो न वापरता फाइलसोबत टिकणारा दुसरा उपाय कुणाकडे आहे का?