तीन अंडी जुळवायची की पाचांसाठी थांबायचं? (आमच्या सोसायटीच्या गप्पा ग्रुपवरून)

सानेकाकू, बी-२०४: इथे 'मर्ज ड्रॅगन्स' कोणी खेळतं का? तीन अंडी शेजारी आणली की पिल्लू, तीन पिल्लं आणली की मोठा ड्रॅगन, तो. माझा कॅम्प (म्हणजे आपली जागा) गच्च भरलाय. पुढचं धुकं हटवायला ड्रॅगन पॉवर मागतो, पॉवरसाठी ड्रॅगन वाढवावे तर ठेवायला जागा नाही. चार दिवस नुसती बघत बसलेय.

जान्हवी, सी-५०१: काकू तुम्ही?? मी बारावीत खेळायचे तो! आईला सांगू नका.

जान्हवीची आई, सी-५०१: आई याच ग्रुपवर आहे.

सानेकाकू, बी-२०४: गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुनेने फोनमध्ये टाकून दिला. आता जेवायला तीन हाका माराव्या लागतात म्हणते.

मोरे, बी-६०२: हा कँडी क्रशचाच भाऊ ना?

जान्हवी, सी-५०१: नाही दादा. कँडी क्रशमध्ये तीन जुळले की फुटतात आणि वरून नवे पडतात. इथे जुळले की त्यांचं पुढचं रूप तयार होतं. वरून काही पडत नाही, चाली संपत नाहीत. पसारा तुमचाच आणि आवरायचाही तुम्हीच. मला तेच आवडायचं. कँडी क्रशमध्ये नशिबाने चांगलं काही पडलं तर पडलं, इथे निदान आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

कुलकर्णीकाका, ए-१०२: साने वहिनी, आमच्या नातवामुळे मला याचा हिशेब माहीत आहे. तीन दिले की एक मिळतो, पाच दिले की दोन. म्हणून तीन झाले तरी हात आवरायचा. पंधरा अंड्यांची तिनातिनाने पाच पिल्लं होतात, पाचापाचाने सहा. फरक एकाचाच दिसतो, पण तो प्रत्येक पायरीला गुणत जातो. एखादी वस्तू दहा पायऱ्या वर न्यायची असेल तर तिनाच्या मार्गाने मुळात ५९,०४९ नग लागतात, पाचाच्या मार्गाने सुमारे ९,५४०. सहाव्या हिश्श्याहून कमी! चक्रवाढ व्याज आहे हे. तुम्ही तर बँकेत होतात.

सानेकाकू, बी-२०४: बँकेत होते म्हणूनच विचारते भावजी, पाच होईपर्यंत ती चार अंडी ठेवायची कुठे? चार या जातीची, चार त्या जातीची, वर फुलं, वर दगड, वर नाण्यांचे ढीग. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात गोदामाचं भाडं धरलेलं नाही.

कुलकर्णीकाका, ए-१०२: हं. हा मुद्दा आहे.

ऋतुजा, सी-३०३: काकूंनी नेमकी नस पकडली. मी गेमच्या कंपनीत काम करते (हा आमचा नाही), म्हणून सांगते. यात नाणी, दगड, जेम्स (गेममधले हिरे) असं बरंच काही जमवता येतं, पण खरा तुटवडा मोकळ्या चौकोनांचा. पाचासाठी थांबलात तर फायदा, आणि थांबायचं तर जागा अडते. सगळी गंमत या ओढाताणीत आहे. आणि कंटाळून खिशात हात जातो तोही इथेच, कारण जेम्स विकत घेतले की थांबायची गरज उरत नाही. म्हणजे ज्या गोष्टीत मजा आहे तीच टाळायला तुम्ही पैसे देता. मला या प्रकारच्या खेळांचं हे नेहमी विचित्र वाटतं.

लेलेकाका, ए-५०२: यापेक्षा बुद्धिबळ खेळा. क्लब हाऊसमध्ये दोन पट धूळ खात आहेत.

सानेकाकू, बी-२०४: लेले, रात्री अडीचला गुडघा ठणकतो तेव्हा तुम्ही याल का क्लब हाऊसला?

लेलेकाका, ए-५०२: 🙏

जान्हवी, सी-५०१: काकू, कामाचं सांगते.
सगळ्यात खालच्या पायरीच्या वस्तू कवटाळून बसू नका. गवत, छोटे दगड बिनधास्त विका, ते परत मिळतंच. जागा फक्त अंड्यांना आणि जीवनफुलांना (मेलेली जमीन जिवंत करणारी फुलं).
एका वेळी एकाच जातीचे ड्रॅगन वाढवा. सगळ्यांचे चार-चार जमवलेत की संपलं.
आणि सहा जुळवू नका! सहाचेही दोनच मिळतात, सहाव्याचा फायदा नाही. सहावं आलं तर पाचांना चिकटू न देता लांब ठेवा.

सानेकाकू, बी-२०४: सहाचं माहीतच नव्हतं. मी आपली जितकी असतील तितकी ढकलत होते.

मोरे, बी-६०२: पैशांचा विषय निघालाच आहे तर. आमच्या चिरंजिवांनी (वय ८) काल रात्री असल्याच एका गेममध्ये प्राणी 'इव्हॉल्व्ह' करायला दोन हजारांच्या वर उडवले. गेमचं नाव सांगत नाही, उगाच दुसऱ्या पोरांना कळायचं. त्याला वाटलं हिरे गेममधले आहेत. एका अर्थी आहेतच!

ऋतुजा, सी-३०३: मोरे दादा, अँड्रॉइड आहे ना? मग बाकीचं नंतर वाचा, आधी गूगल प्लेवर परताव्याची विनंती टाका. ४८ तासांच्या आत टाकली तर मिळण्याची शक्यता बरी असते, नंतर थेट गेमवाल्यांशी बोलत बसावं लागतं. मग प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. ठसा तुमचाच हवा, त्याचा नको. आयफोनवाल्यांनी मुलाचं खातं फॅमिलीत घेऊन 'आस्क टू बाय' चालू करा, म्हणजे त्याने काही घ्यायला गेलं की परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाते.

मोरे, बी-६०२: टाकली विनंती. ठसा त्याचाही होता. काढला.

जगताप (सेक्रेटरी), बी-१०१: अशा गेमवर सरकारने बंदी आणली होती ना? ऑगस्टमध्ये पेपरला आलं होतं.

ऋतुजा, सी-३०३: तो २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा. त्याने बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायची आशा दाखवणाऱ्या खेळांवर. रमी, फँटसी टीम वगैरे. ड्रॅगन वाढवून कोणाला रुपये मिळत नाहीत, त्यामुळे हे खेळ त्यात येत नाहीत. तुम्ही पैसे घालता आणि ते गेले, एवढंच. आत काय आहे ते न सांगता पेट्या विकणारे गेम असतात, त्यांच्याबद्दल बेल्जियमने २०१८ मध्ये हा जुगार आहे अशी भूमिका घेतली. आपल्याकडे ती चर्चा अजून व्हायची आहे.

देसाई, ए-३०४: मला तर सगळे गेम सारखेच वाटतात. एकाने काढला की दहा जण उचलतात. तीन जुळवा, तीन जुळवा. नवीन काय आहे त्यात?

ऋतुजा, सी-३०३: देसाई दादा, उचलेगिरी आहेच, पण या जुळवाजुळवीत तीन वेगळी घराणी आहेत. जुळवून फोडायचं घराणं १९९४ च्या 'शारिकी' या रशियन खेळापासून धरतात, २००१ मध्ये 'बीज्वेल्ड'ने ते जगभर नेलं. जुळवून लढायचं घराणं म्हणजे २०१२ चा जपानी 'पझल अँड ड्रॅगन्स': गोळे जुळवा, त्यातून तुमचे राक्षस हल्ला करतात आणि उत्क्रांत होतात. आणि जुळवून वाढवायचं जे काकूंचं घराणं, त्यातला माझा लाडका 'ट्रिपल टाऊन'. २०१० मध्ये चक्क किंडलवर आला होता, पुस्तकं वाचायच्या यंत्रावर! तीन गवतांचं झुडूप, तीन झुडपांचं झाड, तीन झाडांची झोपडी. मध्ये अस्वलं फिरतात आणि नेमकी तुम्हाला हव्या त्या चौकोनात येऊन बसतात. कोंडलंत तर अस्वलाचं थडगं होतं आणि तीन थडग्यांचं चर्च. फक्त ३६ चौकोन, पण दोन तास कसे जातात कळत नाही.

त्याचीच नक्कल म्हणून दुसऱ्या कंपनीने अस्वलांच्या जागी हिममानव घालून 'येटी टाऊन' काढला. अमेरिकेत २०१२ मध्ये खटला झाला. खेळाचा नियम कोणाच्या मालकीचा नसतो, पण त्याला दिलेलं रूप असू शकतं, असा तो वाद. शेवटी तडजोड झाली आणि येटी टाऊनचे हक्क मूळवाल्यांकडे गेले.

देसाई, ए-३०४: एवढं कोर्टकचेरीपर्यंत! गवतावरून!

जान्हवी, सी-५०१: ताई, हे ड्रॅगनवाले कुठले? चिनी?

ऋतुजा, सी-३०३: तुर्की. ग्राम गेम्स, इस्तंबूल. २०१७ चा गेम. पुढच्याच वर्षी झिंगा या अमेरिकन गेम कंपनीने ती कंपनी २५ कोटी डॉलरला घेतली. त्याच शहरातली 'टून ब्लास्ट'वाली पीक गेम्स २०२० मध्ये १८० कोटी डॉलरला गेली, आणि 'रॉयल मॅच'वालेही तिथलेच. लोकलमध्ये आजूबाजूला डोकावून बघ, निम्म्या फोनवर इस्तंबूल चालू असतं. आमच्या ऑफिसात याचा हेवा चालतो.

शिंदे सर, ए-४०३: उशिरा येतोय, पेपर तपासत होतो. जीवशास्त्राचा मास्तर म्हणून एक तक्रार नोंदवा. तीन बेडूक चिकटवून एक मोठा बेडूक, याला हे लोक 'इव्होल्यूशन' म्हणतात, आणि अकरावीची मुलं उत्तरपत्रिकेत तसंच लिहितात. 'प्राणी लेव्हल वाढवत जातो' असं खरोखर लिहिलेलं आहे माझ्यासमोर.

एकटा प्राणी कधीच उत्क्रांत होत नाही. पिढ्यान्पिढ्या समूह बदलतो. आणि त्याला वरची-खालची पायरी नसते. आंबोलीकडे पावसात देवगांडूळ दिसतं. गांडुळासारखं दिसतं म्हणून ते नाव, पण आहे बेडकाच्या नात्यातलं, कणा असलेलं. त्याच्या पूर्वजांना पाय होते. मातीत राहता राहता पाय गेले, नजर अधू झाली. गेमच्या हिशेबाने त्याची लेव्हल घसरली म्हणायची. प्रत्यक्षात मजेत आहे तिथे.

जान्हवी, सी-५०१: सर पण पोकेमॉनमध्ये तर एकच प्राणी बदलतो. कॅटरपी, मग मेटापॉड, मग बटरफ्री.

शिंदे सर, ए-४०३: अळी, कोश, फुलपाखरू. ते रूपांतरण झालं, आणि अगदी बरोबर दाखवलंय. पोकेमॉन ज्याने काढला त्या सातोशी ताजिरीला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, ते दिसतं त्यात. फक्त त्यावर पाटी उत्क्रांतीची लावली. तिथपर्यंत मी समजून घेतो. तीन फुलपाखरं मिळून एक घुबड झालं की मात्र माझा संयम संपतो.

कुलकर्णीकाका, ए-१०२: सर, पाच फुलपाखरांची दोन घुबडं होतात.

शिंदे सर, ए-४०३: काका, तुम्ही पण!

सानेकाकू, बी-२०४: सर तुमचं सगळं खरं. पण मला त्या अंड्यातून काय निघतंय हे बघायचं असतं. विज्ञान म्हणून कोण खेळतंय? उकडीचे मोदक करताना कळ्या पाडत पाडत एकेक होत जातो ना, तसं हाताला बरं वाटतं.

जान्हवी, तू सोडलास का मग एवढं आवडत होतं तर?

जान्हवी, सी-५०१: वीकेंडच्या इव्हेंटमुळे. शुक्रवारी सुरू, दोन-तीन दिवसांत संपणार, बक्षीस म्हणून कुठेच न मिळणारा ड्रॅगन. म्हणजे जो खेळ आरामात खेळायचा तो अलार्म लावून खेळायला लागले. पहिले काही महिने फार सुंदर आहे तो गेम, खरंच. नवीन काही वाढलं की उत्सुकता वाटते. मग एक वेळ येते की पुढच्या पायरीला नवीन चित्र सोडून काही नसतं आणि ती पायरी आठवडाभर लांब असते. तिथे मी थांबले. तुम्ही इव्हेंट खेळूच नका, नुसता कॅम्प खेळा. कोणी विचारत नाही.

ऋतुजा, सी-३०३: याला माझंही मत. आमच्याकडे मीटिंगमध्ये हे ऐकवलं तर मला कोणी चहा देणार नाही, पण खरं आहे.

जगताप (सेक्रेटरी), बी-१०१: मोरे, परताव्याचं काय झालं ते कळवा. बी विंगमध्ये अजून दोघांच्या घरी असंच झालंय, नावं सांगत नाही.

मोरे, बी-६०२: विनंती घेतली असं ईमेल आलंय, निर्णय यायचाय. पोरगा विचारतोय, पैसे परत आले तर प्राणी परत लहान होणार का.

शिंदे सर, ए-४०३: त्याला माझ्याकडे पाठवा.

सानेकाकू, बी-२०४: गवत आणि बारके दगड सगळे विकले. सोळा चौकोन मोकळे झाले! आता एका जातीची चार अंडी आहेत, पाचवं येईपर्यंत हात लावत नाही. कुलकर्णी भावजी, गोदाम मिळालं, आता तुमचं चक्रवाढ चालू करते. आणि ऋतुजा, उद्या सकाळी जरा खाली येशील का? प्ले स्टोअरचा तो पासवर्ड माझ्याही फोनला लावून दे. रात्री अडीचला माझा काही भरवसा नाही.