नवा ऑक्सिजन सेन्सर बसवूनही त्याच्या आतल्या हीटरचा दोष-कोड (पी ०१३५) परत येतो, काय तपासावे?

पाना_बावीस:
चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. कॅटच्या (सायलेन्सरच्या पाइपातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा सेन्सर नवा घातला, कोड पुसला. सकाळी थंड इंजिन चालू केले की काही मिनिटांत पी ०१३५ पुन्हा हजर. फ्यूज शाबूत आहे. कपलर (सेन्सरचा वायरिंगशी जोडणारा प्लग) काढून वायरिंगच्या बाजूला मीटर लावला तर १२.४ व्होल्ट येतात. आणखी एक सेन्सर आणावा की ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) तपासून घ्यावा?

तांब्याची_तार:
इतक्यात दोन्ही नको. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी १२.४ दिसतात. त्या वायरीवर लोड टाकल्याशिवाय सप्लाय बरा आहे असे धरू नका.

२१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या. एक टोक कपलरच्या सप्लाय पिनला, दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, हीटरही साधारण तेवढेच. बल्ब पेटलेला असताना बॅटरी पॉझिटिव्ह आणि सप्लाय पिन यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर ड्रॉप (वाटेत होणारी व्होल्टेजची घट) असेल तर दोष रिले, फ्यूजचे बूड, जोड किंवा कपलर यांपैकी कुठेतरी आहे. काही गाड्यांत हा सप्लाय इंजिन चालू झाल्यावरच येतो, हे लक्षात असू द्या.

अर्थची बाजू ईसीएम स्वतः चालू-बंद करतो. तिथे २१ वॉटचा बल्ब लावू नका, थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त करंट ओढते. ५ वॉटचा बल्ब वायरिंगच्या बाजूच्या दोन हीटर पिनांमध्ये जोडा आणि इंजिन चालू करा. बल्ब पेटला किंवा फडफडला तर ईसीएम आणि तिथपर्यंतची वायर ठीक. करंट वेगळा दिसला की काही ईसीएम हीटर बंद करतात, म्हणून पहिल्या काही सेकंदांतच बघा.

ओम_मोजणारा:
नवा सेन्सर म्हणजे बरोबर सेन्सर असे नाही. सेन्सर थंड असताना हीटरच्या दोन वायरींमधला (बहुधा एकाच रंगाच्या असतात) रेझिस्टन्स मोजा. आधी मीटरच्या पिना एकमेकींना टेकवा आणि तो आकडा वजा करा. तीन-चार ओममध्ये त्याने फरक पडतो. बहुतेक सेन्सर ३ ते १५ ओमच्या दरम्यान येतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण माना. १३ ओमच्या जागी ५ ओमचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर लावला तर तो गरम होतो, सिग्नलही देतो, तरी ईसीएमला करंट अपेक्षेबाहेर दिसतो आणि कोड येत राहतो. नवे सेन्सर बदलूनही न सुटणाऱ्या तक्रारींत हे कारण आधी बघावे. हीटरच्या वायरी आणि सेन्सरची बॉडी यांत कंटिन्युइटी (विजेची जोडणी) अजिबात नको.

सोबत पी ००३१ असेल तर तुटलेली वायर किंवा कंट्रोल वायर (ईसीएम चालू-बंद करतो ती) अर्थला टेकलेली. पी ००३२ असेल तर कंट्रोल वायर पॉझिटिव्हला टेकलेली किंवा हीटर शॉर्ट, असे समजून सुरुवात करा. पुढच्या-मागच्या दोन्ही हीटरचे कोड एकदम आले तर थेट सामाईक फ्यूज आणि रिले.

पाना_बावीस:
हीटर ५.८ ओम, मॅन्युअलच्या मर्यादेत. ५ वॉटचा बल्ब इंजिन चालू होताच फडफडला. २१ वॉटच्या बल्बवर मात्र सप्लायमध्ये २.१ व्होल्ट ड्रॉप. फ्यूजच्या पुढच्या टोकापासून मोजला तरी जवळपास तेवढाच.

तांब्याची_तार:
म्हणजे रिले आणि फ्यूज निर्दोष, दोष त्यांच्या पुढच्या वायरिंगमध्ये. बल्ब पेटता ठेवून वायरिंग हाताने हलवत जा, विशेषतः सायलेन्सरच्या पाइपाजवळ आणि टेप गुंडाळलेल्या जोडांवर. प्रकाश कमी-जास्त झाला की जागा सापडली. इन्सुलेशन सोलल्यावर हिरवट गंज दिसेल. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापा, त्याच जाडीचा तुकडा क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. कपलरमधली पिन सैल असेल तर बदलाच, चिमट्याने दाबून टिकत नाही.

सेन्सरच्या स्वतःच्या वायरींना मात्र सोल्डर किंवा ग्रीस लावू नका. बऱ्याच सेन्सरना संदर्भाची बाहेरची हवा त्या वायरींच्या आतूनच मिळते.

ओम_मोजणारा:
दुरुस्तीनंतर ड्रॉप पुन्हा मोजा, मग कोड पुसा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम इंजिनवर घेतलेली चाचणी इथे ग्राह्य नाही. सकाळी चालू करून स्कॅनरमध्ये ऑक्सिजन सेन्सर हीटरचा मॉनिटर (ईसीएमची स्वतःची चाचणी) ‘पूर्ण’ दाखवतो का आणि पेंडिंगमध्ये (अजून पक्के न झालेले कोड) काही आहे का, दोन्ही बघा.