प्रतिसाद: जादा पेन्शन-पगाराची वसुली

वर कोणीतरी लिहिलंय की सरकारी पैसा जादा आला म्हणजे नोटीस आली की गुपचूप भरायचा. इतकं सरळ नाहीये ते. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये रफिक मसीह केसमध्ये सांगितलंय की क आणि ड वर्गातले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि जिथे जादा पेमेंट वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चालू होतं, अशांकडून वसुली करता येत नाही.

पण एक मेख आहे जी इथे कोणी बोललं नाही, ती म्हणजे हमीपत्र. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांच्या ग्रॅच्युइटीतून वेतननिश्चितीतली चूक म्हणून रक्कम कापायला काढली, मास्तर रफिक मसीहचा निकाल घेऊन गेले तर बाबूने सर्व्हिस बुकात (नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात) लावलेला वेतन आयोगाचा विकल्पाचा, म्हणजे नवी वेतनश्रेणी निवडण्याचा, फॉर्म दाखवला, खाली बारीक अक्षरात 'जादा अदा झाल्यास परत करीन' आणि त्यावर मास्तरांची सही. (सही करताना कोण वाचतो म्हणा.) २०१६ च्या जगदेव सिंग निकालात अशी हमी दिली असेल तर वसुली चालते असं म्हटलंय, तिथे मात्र ज्यांच्याकडून वसुली होती ते निवृत्त न्यायाधीश होते, क-ड वर्गातले नव्हते. त्यामुळे नोटिशीला उत्तर लिहिण्याआधी माहिती अधिकारात सर्व्हिस बुकाची प्रत मागवा आणि त्यात तुमचं असं हमीपत्र आहे का बघा.